ग्राफिकल डीबगर उघडला की थेट बोर्डला जोडला गेला पाहिजे: स्टार्टअप स्क्रिप्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत

डीबगर (चालू प्रोग्रॅम थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन) उघडायचा, मेनूत जायचं, टार्गेट निवडायचं, होस्ट टाकायचा, पोर्ट टाकायचा, कनेक्ट दाबायचं, मग कन्सोलमध्ये रीसेट हॉल्ट (रीसेट करून प्रोसेसर थांबवणं), मग लोड, मग मेनला ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची जागा)... पुण्यात एम्बेडेडचं काम करणारी कितीतरी मंडळी, हिंजवडीतल्या टीम्सपासून फायनल इयरचा प्रोजेक्ट घेऊन बसलेल्या पोरांपर्यंत, हे सगळं अजून हातानं करतात आणि दिवसातून कितीतरी वेळा करतात. त्यात गुरुवारी लाईट गेली की सगळं परत पहिल्यापासून. हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये बसतं, एकदा नीट लिहिली की वर्षानुवर्षं चालते, आणि नवीन माणूस टीममध्ये आला तर त्याला पहिल्याच दिवशी चालू सेटअप मिळतो.

पण ऑटोमॅटिक करताना एक गोष्ट आधीच ठरवा: जोडणं वेगळं आणि भरणं वेगळं. डीबगर उघडला की त्यानं बोर्डला जोडलं जावं, एवढंच आपोआप व्हावं. फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या कायमच्या मेमरीत, नवीन कोड लिहिणं आणि रीसेट मारणं हे तुम्ही स्वतः सांगाल तेव्हाच. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक स्क्रिप्ट्समध्ये कनेक्ट, रीसेट, लोड, कंटिन्यू असं सगळं एका दमात असतं आणि टेबलवरच्या मोकळ्या बोर्डला ते चालून जातं. पण तोच लॅपटॉप घेऊन तुम्ही चाकणला एखाद्या चालू मशीनसमोर उभे राहिलात, चार तास चालल्यावर येणारा फॉल्ट पकडायचाय, आणि डीबगर उघडल्या उघडल्या त्यानं बोर्ड रीसेट करून टाकला, तर जे बघायला गेलात तेच पुसलं गेलं. म्हणून सगळी मांडणी या फरकावरच उभी केलीये.

उदाहरणाला मी एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपचा ब्लू पिल बोर्ड, एसटी-लिंक व्ही२ (बोर्ड लॅपटॉपला जोडणारा प्रोब), उबुंटू, ओपनओसीडी (प्रोबशी बोलणारा सर्व्हर) आणि जीडीबी-मल्टीआर्च (त्या सर्व्हरला जोडला जाणारा, कमांडवर चालणारा डीबगर) घेतोय. बोर्ड आणि एसटी-लिंक दोन्ही बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सहज मिळतात. तुमचा प्रोब जे-लिंक असेल तर पद्धत तीच, फक्त सर्व्हर वेगळा आणि पोर्ट ३३३३ ऐवजी २३३१, आणि मॉनिटरनं सुरू होणाऱ्या कमांड्स त्या सर्व्हरच्या वापरायच्या. क्यूईएमयू (बोर्डची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर -एस (लहान अक्षरातला) दिल्यावर पोर्ट १२३४. आणि कमांड्स इथे देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच सगळं इंग्रजी अक्षरात आणि इंग्रजी आकड्यात.

आधी हातानं एकदा चालवून बघा

जे हातानं चालत नाही ते स्क्रिप्टनं पण चालत नाही, फक्त चूक शोधायला जास्त वेळ लागतो. म्हणून एका टर्मिनलमध्ये ओपनओसीडी चालू करा: ओपनओसीडी, मग -एफ इंटरफेस/एसटीलिंक.सीएफजी, मग -एफ टार्गेट/एसटीएम३२एफ१एक्स.सीएफजी. आउटपुटमध्ये दोन गोष्टी बघायच्या. एक, टार्गेटला ६ ब्रेकपॉइंट आणि ४ वॉचपॉइंट आहेत असं येतं का, म्हणजे चिपशी खरंच बोलणं झालंय. दोन, ३३३३ पोर्टवर जीडीबीसाठी ऐकतोय असं येतं का.

इथेच अडलात तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण. यूएसबी उघडता येत नाही, परमिशन नाही असा एरर आला तर ओपनओसीडीसोबत येणारी ६०-ओपनओसीडी.रूल्स ही फाईल यूडेव्हच्या (यूएसबी वगैरे उपकरणांच्या परमिशन्स बघणारी लिनक्सची सोय) रूल्स फोल्डरमध्ये आहे का बघा, नसेल तर टाका, रूल्स रीलोड करा आणि प्रोब काढून परत लावा. सुडो लावून ओपनओसीडी चालवणं हा उपाय नाही, कारण पुढे ग्राफिकल डीबगर तुमच्या नेहमीच्या युजरखाली चालणार आणि सुडोनं चालू केलेला सर्व्हर त्याला बंद पण करता येणार नाही. दुसरं कारण म्हणजे आयडीकोड अनएक्स्पेक्टेड, म्हणजे चिपचा ओळख नंबर अपेक्षेपेक्षा वेगळा. ओरिजिनल एसटी चिपचा आयडी १ नं सुरू होतो, स्वस्तातल्या बऱ्याच ब्लू पिलवर क्लोन चिप असते आणि तिचा २ नं, आणि ओपनओसीडी नकार देतं. अशा वेळी टार्गेटची फाईल लोड व्हायच्या आधी -सी देऊन सेट सीपीयूटॅपआयडी ० असं लिहायचं, म्हणजे तो ही तपासणी सोडून देतो. क्रम महत्त्वाचा आहे, टार्गेट फाईलच्या नंतर लिहिलंत तर काही उपयोग नाही.

आता दुसऱ्या टर्मिनलमध्ये जीडीबी-मल्टीआर्चला तुमची ईएलएफ फाईल (बिल्डमधून निघणारी, कोड आणि डीबगची माहिती असलेली) द्या आणि टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट लोकलहोस्ट:३३३३ मारा. नुसतं रिमोट न वापरता एक्स्टेंडेड-रिमोट वापरायचं, कारण त्यात प्रोग्रॅम संपला किंवा डिटॅच केलं तरी कनेक्शन उभं राहतं. प्रोसेसर कुठल्यातरी फंक्शनवर थांबलेला दिसला की हाताचं काम झालं, आता स्क्रिप्ट.

दोन फाईली, एक नाही

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डीबग नावाचं फोल्डर करा आणि त्यात दोन फाईली. पहिली कमांड्स.जीडीबी, हिच्यात फक्त व्याख्या, ही चालवल्यानं बोर्डला काहीही होत नाही:

सेट पेजिनेशन ऑफ
सेट कन्फर्म ऑफ
सेट टीसीपी कनेक्ट-टाइमआउट ३०

डिफाइन जोड
टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट लोकलहोस्ट:३३३३
कंपेअर-सेक्शन्स -आर
एन्ड

डिफाइन भर
मॉनिटर रीसेट हॉल्ट
लोड
मॉनिटर रीसेट हॉल्ट
टीब्रेक मेन
कंटिन्यू
एन्ड

डिफाइन सोड
मॉनिटर रिझ्यूम
डिसकनेक्ट
एन्ड

दुसरी फाईल सुरू.जीडीबी, तिच्यात दोनच ओळी:

सोर्स डीबग/कमांड्स.जीडीबी
जोड

कमांड्स.जीडीबीतल्या पहिल्या दोन ओळी ग्राफिकल डीबगरसाठी फार गरजेच्या आहेत. पेजिनेशन चालू राहिलं तर आउटपुट लांब झाल्यावर जीडीबी पुढे जाण्यासाठी रिटर्न दाबायची वाट बघत बसतो आणि ग्राफिकल खिडकीत तो प्रश्न नीट दिसत पण नाही, तुम्हाला वाटतं की डीबगर हँग झाला. कन्फर्मचं पण तसंच. तिसरी ओळ टाइमआउटची, त्याबद्दल खाली लिहितो.

कंपेअर-सेक्शन्स -आर ही या सगळ्यातली माझी सगळ्यात आवडती ओळ आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात. आपण जोडताना लोड करत नाही, मग बोर्डमध्ये जे फर्मवेअर आहे ते आणि तुमच्या हातातली ईएलएफ फाईल एकाच बिल्डची आहे हे कशावरून? ही कमांड ईएलएफमधले रीड-ओन्ली सेक्शन्स आणि चिपमधली मेमरी पडताळून बघते आणि प्रत्येक सेक्शनपुढे मॅच्ड किंवा मिसमॅच्ड लिहिते. मिसमॅच्ड आलं तर पुढे काहीही बघू नका, तुम्हाला दिसणाऱ्या ओळी, व्हेरिएबल्स, स्टॅक, सगळं खोटं असणार. जुन्या ईएलएफवर नवा फॉल्ट शोधण्यात माणसांचे अख्खे दिवस जातात, आणि ही तपासणी काही सेकंदांत होते.

एकदा जोडून झाल्यावर कोड भरायचा असेल तर कन्सोलमध्ये भर टाईप करायचं. निघताना सोड. मॉनिटर रिझ्यूम यासाठी की डीबगर गेल्यावर बोर्ड हॉल्ट अवस्थेतच पडून राहू नये. हे काम क्विटच्या हुकमध्ये (कमांडच्या आधी आपोआप चालणाऱ्या भागात) टाकायचा मोह होतो, जीडीबीत हुक-क्विट नावाची सोय आहेच, पण हुकमध्ये एरर आला तर मूळ कमांडच थांबते, म्हणजे कनेक्शन आधीच तुटलेलं असलं की मॉनिटर फेल होणार आणि डीबगर बंदच होईना अशी अवस्था. त्यापेक्षा वेगळी कमांड बरी.

व्याख्या आणि जोडणी दोन फाईलींत का, तर काही ग्राफिकल डीबगर स्वतःच टार्गेटला जोडतात. त्यांना फक्त कमांड्स.जीडीबी द्यायची. दोघांनी जोडायचा प्रयत्न केला की घोळ होतो.

हे स्क्रिप्ट जीडीबीला मिळणार कसं

बरेच जण सगळं होम फोल्डरमधल्या डॉट-जीडीबीइनिट फाईलीत टाकतात. तसं करू नका. ती फाईल प्रत्येक जीडीबी सेशनला चालते, मग तुम्ही लॅपटॉपवरचा साधा सी प्रोग्रॅम डीबग करायला घेतला तरी तो आधी ३३३३ पोर्ट शोधत बसेल.

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डॉट-जीडीबीइनिट ठेवता येते, पण त्यात सेफ-पाथची अडचण आहे. जीडीबी ७.५ पासून चालू फोल्डरमधली फाईल अशी आपोआप चालवली जात नाही, ऑटो-लोडिंग डिक्लाइन्ड अशी वॉर्निंग येते. हे मुद्दाम केलंय, कारण जीडीबी स्क्रिप्टमधून शेल कमांड चालवता येते, कुणाचं तरी रिपॉझिटरी डाउनलोड केलं आणि त्यात जीडीबी उघडला की त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालला, असं व्हायला नको. होमच्या फाईलीत ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ आणि पुढे तुमच्या प्रोजेक्टचा पूर्ण पाथ लिहिला की चालतं. नेटवर याचं उत्तर म्हणून पाथच्या जागी नुसता स्लॅश लिहायला सांगतात, म्हणजे अख्खी डिस्कच सेफ, ते अजिबात करू नका.

मला सगळ्यात सरळ वाटतो तो -एक्स ऑप्शन. जीडीबी-मल्टीआर्च -एक्स डीबग/सुरू.जीडीबी आणि पुढे ईएलएफ. कुठली फाईल चालतेय हे डोळ्यासमोर दिसतं, सेफ-पाथचा प्रश्न येत नाही, टीममधल्या प्रत्येकाकडे तेच होतं. एक लक्षात ठेवा, स्क्रिप्टच्या आतल्या सोर्स ओळीतला पाथ जीडीबी ज्या फोल्डरमधून चालू झाला तिथून मोजला जातो, स्क्रिप्ट जिथे पडलीये तिथून नाही.

याऐवजी एका मागोमाग एक -ईएक्स देऊन कमांड्स चालवणारे पण खूप आहेत. एका कमांडला ठीक आहे, पण कनेक्ट आणि लोड असे दोन -ईएक्स दिले आणि पहिला फेल झाला तरी जीडीबी दुसरा चालवतोच. फाईलीत लिहिलं तर पहिल्या एररला पुढचं सगळं थांबतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

सर्व्हर आणि खिडकी एकत्र चालू करणारी शेल स्क्रिप्ट

आता ओपनओसीडी पण हातानं चालू करायला नको. डीबग.एसएच नावाची छोटी स्क्रिप्ट करा, तिचं काम क्रमानं असं: पहिल्यांदा सीडी करून प्रोजेक्टच्या मुळाशी जायचं, म्हणजे वरचा पाथचा प्रश्न मिटला. मग सेटसिड लावून ओपनओसीडी बॅकग्राउंडला चालू करायचं आणि त्याचं आउटपुट ओपनओसीडी.लॉगमध्ये पाठवायचं. त्याचा प्रोसेस नंबर एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. ट्रॅप लावून सांगायचं की स्क्रिप्ट कशीही संपली तरी त्या नंबरला किल कर. आणि शेवटी ग्राफिकल डीबगर चालू करायचा.

सेटसिड का? कारण एकाच टर्मिनलमधून दोन्ही चालू केले की प्रोग्रॅम थांबवायला दाबलेला कंट्रोल-सी ओपनओसीडीला पण जाऊन पोचतो आणि तो मरतो, तुम्हाला फक्त प्रोसेसर थांबवायचा होता. ट्रॅप का? कारण जुना ओपनओसीडी मागे राहिला तर पुढच्या वेळी नवीन ओपनओसीडीला प्रोब पण मिळत नाही आणि पोर्ट पण नाही.

सर्व्हर तयार व्हायच्या आत डीबगर चालू झाला तर काय, म्हणून लोक मध्ये स्लीप ५ टाकतात. गरज नाही. जीडीबीत टीसीपी ऑटो-रिट्राय मुळातच चालू असतं, पोर्ट अजून उघडला नसेल तर तो स्वतःच थोड्या थोड्या वेळानं प्रयत्न करत राहतो, डीफॉल्ट १५ सेकंद. आपण वर ३० केलं ते यासाठी, जुना लॅपटॉप आणि यूएसबी हब असला की तेवढा हात सैल असलेला बरा.

तरीही पोर्ट तपासायचाच असेल तर एनसी -झेड लावून ३३३३ ला धक्का मारू नका. ओपनओसीडीच्या दृष्टीनं ते जीडीबीच आलं, आणि जीडीबी आला की तो प्रोसेसर हॉल्ट करतो. नुसतं बघण्यासाठी चालू बोर्डशी असा खेळ कशाला. ४४४४ चा टेलनेट पोर्ट तपासणं पण पुरेसं नाही, तो चिपशी बोलणं व्हायच्या आधीच उघडतो. एसएस -एलटीएन चालवून त्यात ३३३३ दिसतोय का एवढं ग्रेप करा, त्यात कुठलंही कनेक्शन होत नाही.

पुढे जायच्या आधी हॉल्टबद्दल

वर लिहिलं की जोडलं की प्रोसेसर हॉल्ट होतो. जीडीबीला जोडताना टार्गेट थांबलेलं लागतं, म्हणून ओपनओसीडी डीफॉल्टनं तसं करतं. म्हणजे आपली जोड कमांड रीसेट करत नाही, पण कोड थांबवते हे नक्की. टेबलवर एलईडी लुकलुकत असेल तर काही फरक नाही. मोटर कंट्रोलर असेल तर खूप फरक आहे.

प्रोसेसर थांबला तरी टायमर थांबत नाहीत. पीडब्ल्यूएम (मोटरला किती पॉवर जायची ते ठरवणारे पल्स) शेवटच्या ड्यूटीवर तसाच चालू राहतो, करंट लूप (करंट मोजून तो आवरणारा कोड) मात्र मेलेला, म्हणजे करंट वाढला तरी कमी करणारं कुणी नाही. एसटीएम३२ मध्ये डीबग युनिटचे बिट्स असतात ज्यांनी हॉल्टमध्ये कुठलं पेरिफेरल गोठवायचं ते सांगता येतं. ओपनओसीडीची एसटीएम३२एफ१एक्स फाईल त्यातले दोन्ही वॉचडॉग (कोड अडकला तर चिप रीसेट करणारे टायमर) गोठवण्याचे बिट्स स्वतः लावते, म्हणून हॉल्टमध्ये वॉचडॉग रीसेट मारत नाही, पण टायमरचे बिट्स ती लावत नाही. ते तुम्ही लावू शकता, तरी काउंटर थांबल्यावर पिन ज्या लेव्हलला होती तिथेच अडकण्याची शक्यता राहतेच. त्यामुळे पॉवर स्टेजचा सप्लाय चालू असताना ही ऑटो-कनेक्ट स्क्रिप्ट चालवायची नाही. हे मी फार मनापासून सांगतोय, भोसरी-चाकणच्या टेस्ट बेंचवर जी पोरं पहिल्यांदा उभी राहतात त्यांना हे कुणी आधी सांगत नाही, आणि मॉस्फेट उडणं हा त्यातला सगळ्यात कमी नुकसानीचा प्रकार आहे.

चालू मशीनवर फक्त एखादं व्हेरिएबल बघायचं असेल तर जीडीबी लागतच नाही. ओपनओसीडी चालू ठेवा, टेलनेटनं ४४४४ ला जा आणि एमडीडब्ल्यू (मेमरी वाचायची कमांड) देऊन पुढे पत्ता द्या. कॉर्टेक्स-एममध्ये प्रोसेसर चालू असताना मेमरी वाचता येते. पत्ता ईएलएफमधून एनएम कमांडनं काढता येतो.

आता ग्राफिकल डीबगर कुठलाही चालेल

इतकं सगळं जीडीबीच्या पातळीवर केल्याचा फायदा इथे दिसतो. जीडीबी रिचर्ड स्टॉलमननी १९८६ मध्ये लिहिला, तेव्हापासून त्याच्यावर कितीतरी खिडक्या आल्या आणि गेल्या, आतला डीबगर तोच राहिला. तुमची स्क्रिप्ट आतल्याशी बोलते, म्हणून खिडकी बदलली तरी ती टाकून द्यावी लागत नाही.

डीडीडी वापरत असाल (दिसायला जुनं आहे, पण लिंक्ड लिस्ट आणि स्ट्रक्चर चित्रासारखं दाखवण्यात अजूनही छान) तर डीडीडी --डीबगर जीडीबी-मल्टीआर्च, मग -एक्स डीबग/सुरू.जीडीबी, मग ईएलएफ. त्याला न कळणारे ऑप्शन्स तो तसेच जीडीबीकडे पाठवतो. हीच ओळ आपल्या डीबग.एसएचच्या शेवटी टाकायची, झालं.

एक्लिप्समध्ये जीडीबी हार्डवेअर डीबगिंगच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्टार्टअप टॅब आहे. तिथे लोड इमेज आणि रीसेटचे टिक काढा, आणि कमांडच्या चौकटीत फक्त कमांड्स.जीडीबी सोर्स करणारी ओळ ठेवा, जोडायचं काम एक्लिप्स स्वतः करतं.

व्हीएस कोडमध्ये कॉर्टेक्स-डीबग एक्स्टेन्शन घ्या. ते ओपनओसीडी स्वतः चालू करतं आणि पोर्ट पण स्वतः निवडतं, त्यामुळे इथे डीबग.एसएच नको आणि सुरू.जीडीबी पण नको, आणि ३३३३ वर काही सापडलं नाही म्हणून गोंधळू नका. लाँच.जेसनमध्ये दोन कॉन्फिगरेशन करा. एकात रिक्वेस्ट अटॅच, त्याला नाव द्या जोड. दुसऱ्यात रिक्वेस्ट लाँच, त्याला नाव भर, आणि रनटूएंट्रीपॉइंटमध्ये मेन. दोन्हीत सर्व्हरटाइप ओपनओसीडी आणि कॉन्फिगफाइल्समध्ये त्याच दोन सीएफजी. अटॅचवाल्यात पोस्टअटॅचकमांड्समध्ये कंपेअर-सेक्शन्स -आर टाका. जोड हे कॉन्फिगरेशन यादीत वर ठेवा, म्हणजे प्रोजेक्ट नव्यानं उघडून एफ५ दाबणाऱ्याला आधी तेच मिळेल.

तुटलं तर परत जोडणं

लाईट गेली आणि आली, किंवा केबल हलली. फक्त बोर्डचा सप्लाय गेला असेल आणि एसटी-लिंक लॅपटॉपला तसाच असेल तर ओपनओसीडी जिवंत राहतं आणि बोर्ड परत आला की पुन्हा ओळखतं. जीडीबीत मात्र जुनी माहिती राहते, म्हणून डिसकनेक्ट आणि मग जोड. एसटी-लिंकच निघाला असेल तर ओपनओसीडी परत चालू करावं लागतं, सगळं बंद करून डीबग.एसएच पुन्हा चालवणं सोपं.

डिसकनेक्ट आधीच तुटलेलं असताना एरर देतं आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. एकच परतजोड कमांड हवी असेल तर पायथन वापरा: जीडीबी.एक्झिक्यूटला डिसकनेक्ट द्या, ते ट्रायमध्ये ठेवा, एक्सेप्टमध्ये जीडीबी.एरर पकडून सोडून द्या, आणि त्याखाली जोड चालवा. उबुंटूच्या जीडीबी-मल्टीआर्चमध्ये पायथन असतं. आर्मच्या टूलचेनमधला जीडीबी वापरत असाल तर बऱ्याच आवृत्त्यांमध्ये पायथनवाला जीडीबी वेगळा येतो, नावाच्या शेवटी -पीवाय असलेला, तो घ्या.

ब्रेकपॉइंट स्क्रिप्टमध्ये कायमचे टाकून ठेवू नका. एफ१०३ मध्ये हार्डवेअर ब्रेकपॉइंट ६ च, कोड फ्लॅशमध्ये असल्यानं तेच वापरले जातात, आणि चार स्क्रिप्टनंच खाल्ले तर स्टेप ओव्हर करताना पण जीडीबीला एखादा लागतो हे लक्षात ठेवा. टीब्रेक एकदा लागला की मोकळा होतो, म्हणून भरमध्ये तो आहे.

डीबग फोल्डर, डीबग.एसएच आणि लाँच.जेसन गिटमध्ये टाका, ओपनओसीडी.लॉग गिटइग्नोरमध्ये. कुणाकडे क्लोन चिप आहे, कुणाकडे ओरिजिनल, म्हणून सीपीयूटॅपआयडीची ओळ सगळ्यांवर लादू नका, डीबग.एसएचमध्ये एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर ठेवा आणि ज्याला लागेल त्यानं आपल्या बॅशआरसीत सेट करावं.